माझ्या पुलावरून गेलेली पहिली गाडी

आदरणीय आण्णा,
तुमच्या प्रज्ञाचा धडगावहून जय भीम.

इथं मोबाईलला रेंज नाही, म्हणून पत्र लिहिते. पाय मुरगळला होता, पण आता चालते आहे, काळजी करू नका. भात झोडून झालं का? खोकल्याचं औषध घेताय ना?

आण्णा, माझा पूल पूर्ण झाला. चाचणीही झाली, फक्त उद्घाटन राहिलं होतं. मंगळवारी ॲम्ब्युलन्स आली. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, पलीकडच्या पाड्यावर बाई अडलीय." मी पुलाच्या तोंडाशी लावलेला आडवा बांबू काढला आणि गाडी सोडली. संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला, मायलेकी सुखरूप आहेत. न विचारता पूल उघडला म्हणून साहेबांनी खुलासा मागितलाय. तो मी खरा खरा लिहून दिला.

मेडिकलची सीट सोडून मी इंजिनिअरिंग घेतलं, तेव्हा तुम्ही रागावलात. "आईसाठी तरी डाक्टर व्हायचं व्हतं," एवढंच म्हणालात. त्याचं उत्तर आज देते. आईला तुम्ही झोळीत घालून तळेघरपर्यंत, गाडी मिळेल तिथवर, चालत नेलंत; ती वाटेतच गेली. घोडेगावात डॉक्टर होते, आण्णा. आपल्या वाडीला रस्ता नव्हता.

पुण्याच्या कंपनीतली नोकरीही मी याचसाठी सोडली.

आता कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर मान खाली घालू नका. सांगा, पूल बांधते.

तुमची लेक,
प्रज्ञा