गावपळणीचा पुरस्कार

१ डिसेंबर
देवाने कौल दिला. गावपळण बारा तारखेपासून! तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस, ढोर, कोंबडी — काही म्हणता काही राहायचं नाही. कुत्रीसुद्धा वेशीबाहेर. आणि वेशीबाहेर म्हणजे कुठे? तर माझ्या आंब्याच्या बागेत! ओढ्यापलीकडे सपाट जागा तेवढीच. मागच्या खेपेला दोन कलमं मोडली आणि माझी चांगली कोयती गेली ती गेलीच. बोलायची सोय नाही. देवाचं काम!

३ डिसेंबर
नेपाळी पुन्हा येऊन उभा राहिला. बागेचा राखणदार, सहा वर्षं आहे. मुलीचं लग्न पाच फेब्रुवारीला, गावी जायचंय, कागद द्या म्हणतो. त्याचा नागरिकत्वाचा कागद माझ्या कपाटात असतो. आधीचा राखणदार ऐन मोहोरात पळाला, तेव्हापासून मी ही पद्धत ठेवली आहे. आंबा उतरला की देतो, म्हटलं.
आमची ही, शुभदा, स्वयंपाकघरातून ओरडली, "आंबो उतरतलो मे म्हयन्यात! लगीन काय तुमच्या आंब्यासाठी थांबतला?"
बायकांना बागायतीतलं काय कळतं!

६ डिसेंबर
पुण्याहून पुतण्याचा, यज्ञेशचा फोन. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेचा 'निर्वासित सेवा व मानवी स्वातंत्र्य पुरस्कार' आहे म्हणे. पठ्ठ्याने माझ्या नावाने अर्ज भरूनही टाकला! वाचून दाखवला. आश्रय दिलेले विस्थापित — नऊशे चाळीस. विस्थापनाचं कारण — संपूर्ण गाव रिकामं करण्याचा आदेश. आदेश कुणाचा — स्थानिक सर्वोच्च सत्तेचा. मोबदला — नाही.
"यात खोटं काय आहे, काका?"
नाही ना! एक अक्षर खोटं नाही. दोनदा वाचायला लावलं.
शुभदा म्हणाली, "कोयतेचा पण लिवल्यान काय?"

१३ डिसेंबर
काय दिवस! बाग माणसांनी भरलीय. झावळ्यांच्या खोप्या, शंभर चुली, वडे, कोंबडीचा रस्सा, एकीकडे भजन, एकीकडे क्रिकेट. त्यात संस्थेच्या चारुता मॅडम पाहणीला हजर. पायात मोठे बूट, गळ्यात ओळखपत्र.
मॅडम पहिल्यांदा गेल्या त्या मथुरा म्हातारीकडे. "आजी, घर सोडताना काय वाटलं?"
"बरा वाटला! सून चुलीफुडे बसता नि मी पत्ते खेळतंय."
मॅडमनी लिहिलं — 'धक्क्यातून सावरलेल्या नाहीत.' मी डोकावून पाहिलं.
"परत घरी जाता येईल ना?"
"देवान कौल दिल्यान तर जाव. नाय दिल्यान तर हंयच!"
मॅडमच्या डोळ्यांत पाणी. म्हातारीने त्यांना वडा दिला.
मग त्यांना नेपाळी दिसला. एकटाच, कुंपणाला टेकून. एवढ्या निर्वासितांत चेहरा उतरलेला तोच एक! त्याच्याशी हिंदीत बोलल्या. कागज कहाँ हैं? म्हणाला, "साब की अलमारी में."
मी म्हटलं, संपलं! पण मॅडम वळल्या आणि त्यांनी मला चक्क हात जोडले. "निर्वासितांचं सगळ्यात आधी काय हरवतं, तर कागद. तुम्ही ते कपाटात जपलेत, जयरामजी!"
मी मान खाली घातली. त्यांना वाटलं संकोचाने. थोड्या वेळाने मलाही तसंच वाटायला लागलं.
मॅडमनी मला त्याचं नाव विचारलं. 'बहादूर,' मी ठोकून दिलं. दुसरं काय असणार?

१५ डिसेंबर
परतीचा कौल मिळाला. दुपारपर्यंत बाग रिकामी. तीन कलमं मोडली.
नेपाळी म्हणाला, "साब, इनको तीन दिन में घर मिल गया. मेरा कब?"
"मी काय देव आहे?" म्हटलं. जरा जास्तच बोललो.

४ जानेवारी
पुरस्कार मिळाला!! चोवीस तारखेला मुंबईत. शाल, श्रीफळ, मानपत्र. गावात पेढे वाटले. मथुरा म्हातारी सगळ्यांना सांगत सुटलीय, "मी निर्वासित आसंय!"

९ जानेवारी
मॅडमचा फोन. जपलेला मूळ कागद मंचावर दाखवायचाय. आणाच म्हणाल्या.
आता आली का पंचाईत! लग्नाला जाऊ दे त्याला, असं मी कालच मनाशी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. पण कागद दिला तर मंचावर दाखवू काय? परत आलो की देतो, म्हणून त्याला सांगितलं. लग्न पाचला आहे, वेळ आहे.

१० जानेवारी
शुभदा बोलत नाही. आमटी अळणी.

२२ जानेवारी
निघालो. नेपाळी गाडीपर्यंत आला. माझ्या पिशवीकडे बघत राहिला. "साब, कागज कहाँ जा रहा है?"
"मुंबईला! तुझ्या कागदाचा सत्कार आहे!"
"कागज जा रहा है. मैं नहीं?"
मी हसलो. गाडी सुटल्यावर मात्र हसू टिकलं नाही.

२४ जानेवारी, मुंबई
मोठं सभागृह. मानपत्रात माझ्याबद्दल काय काय होतं! 'माणसाच्या स्वातंत्र्याची किल्ली ज्यांनी आपल्या कपाटात जपली —' टाळ्या थांबेनात. मी रडलो. खरंच रडलो, आणि कशाला ते सांगता येत नाही.
मग मॅडमनी खास भेट दिली. कार्यक्रमाआधी कागद मागून नेला होता, तो फ्रेम करून! सोनेरी पट्टी, मागून खिळे ठोकून पक्की. खाली पितळी पाटी — 'श्री. बहादूर यांचे जपलेले स्वातंत्र्य.'

२६ जानेवारी
पोचलो. नेपाळ्याची खोप रिकामी. चाव्या खिळ्याला, बॅटरी उशाशी, अंथरुणाची घडी. रिक्षावाला सिद्धेश सांगतो, तासाभरापूर्वी फोंडाघाटला सोडला, कोल्हापूरची गाडी धरणार होता. कागद नाही. रस्त्यात, सीमेवर कोणी अडवलं तर काय दाखवेल?
फ्रेमच्या काचेतून पहिल्यांदा त्याचं नाव वाचलं. टेकनाथ. सहा वर्षं!
काच फोडली. अंगठा कापला, कागदाला रक्त लागलं थोडं. लाज वाटते.
शुभदा बाहेर सिद्धेशच्या रिक्षात बसून ओरडतेय, "लिवतात कसले? चला आधी!"