बिनकेसांच्या राणीची पिल्लं

मंगळवार, १२ नोव्हेंबर

भाऊजी आज खेडहून आले ते राणीला पुन्हा तिच्या सख्ख्या भावालाच लावायचं म्हणत. बिनकेसांची कुत्री, इकडे दुसरा नर मिळत नाही. मागच्या खेपेला चार पिल्लं मेलेलीच निघाली. एक जगलं, त्याला दात धड आले नाहीत, आणि तेही फिट येऊन गेलं.

मी वाचलंय, केस नसण्याचा गुण आईबाप दोघांकडून आला की पिल्लू पोटातच मरतं. वर एकाच रक्ताची जोडी, म्हणजे उरतील ती रोगी. सांगितलं तर हसले. "वहिनी, कुत्र्यांना कसलं नातं?"

पुतणीचं ठरलेलं लग्न देवक एक निघालं म्हणून याच माणसाने मोडलं. तेच मी तोंडावर बोलले. राणीला नेऊ देणार नाही म्हटलं.

जाताना म्हणाले, "दादाने लावली तेव्हा नाही आठवलं देवक?"

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आता त्यांची चूक कुणापुढे काढू? पण चार पिल्लं. माडाखाली पुरताना हे रडले, नजर लागली म्हणाले.

आणि त्यांचीच कशी चूक? भावाला लावताना राणी मागे सरत होती, तेव्हा तिचं तोंड मीच धरून ठेवलं होतं.