सवतीच्या गळ्यातला टाक

मी, रतनबाई भ्रतार भिमाजी वायकर, वय अदमासे चाळीस, राहणार शिरगाव, तालुका मावळ, हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे. डोळे गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाची भीड नाही, धाक नाही.

सुपात तांदूळ पाखडीत असता माझा उजवा डोळा एकाएकी काळा झाला. दुखले नाही, खुपले नाही. पुढल्या सुगीला डावाही तसाच गेला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतली रक्ताची शीर तुंबली. पाट तुंबला की खाचर वाळते, तसे. वर्ष सरायच्या आत घरधन्यांनी लीलाबाईस लग्न लावून आणले. "घरात दिवा लावाया कोन तरी पायजे न्हवं," म्हणाले.

ही सवत मी अद्याप पाहिलेली नाही. शेजारच्या कस्तुराबाई मावशी म्हणतात, "बेताचीच हाय गं पोरी." मग घरधनी तिच्याशी एवढा मऊ आवाज काढतात तो कशाला? माझ्याशी उभ्या जन्मात तसे बोलले नाहीत. माझा जळफळाट होतो, तो मी झाकून ठेवीत नाही.

१. वडिलांनी माझ्या नावे केलेले ओढ्याकाठचे भातशेत माझ्यामागे लीलाबाईस द्यावे. घरधन्यांस देऊ नये. दिले तर ते तिसरी आणतील.

२. माझा चांदीचा कमरपट्टा लीलाबाईच्या कमरेस लावू नये. तिला तो ढिला होतो, कड्या काढू का, असे दसऱ्यास घरधन्यांनी मलाच विचारले. सवत शेलाटी आहे हे तेव्हा कळले. त्या दिवशी मी जेवले नाही. तो पट्टा मोडून माझा टाक, म्हणजे चांदीची लहान मूर्ती, करावा आणि मेलेल्या पहिलीचा टाक दुसरेपणाची घालते, त्या रीतीप्रमाणे तिने तो गळ्यात घालावा. नवे लुगडे आधी मला दाखवावे, मग नेसावे. टाक उतरवल्यास शेत गावच्या भैरोबाला जाईल. हे तिला सांगितले तर म्हणाली, "घालीन की, आक्का." हसली की रडली, मला कळले नाही.

३. सोनार टाकावर डोळ्यांच्या नुसत्या रेघा ओढतात. माझ्या टाकाचे दोन्ही डोळे टक्क उघडे कोरावेत. गळ्यात घालण्याआधी लीलाबाईने तो उजेडात, आपल्या तोंडासमोर धरावा, आणि घाई करू नये. ती कशी दिसते ते मला एकदा बघायचे आहे.

वाचून दाखविले, ऐकले, कबूल.

रतनबाई भ्रतार भिमाजी वायकर, निशाणी बांगडी

साक्षी: महिपती ढोरे, सही
कस्तुराबाई येवले, निशाणी बांगडी

मुक्काम वडगाव मावळ, ता. १२ मार्च १९३७