निळ्या पुस्तकांची भानगड

चि. सौ. शैलजा हिस अक्काचे मनापासून आशीर्वाद. श्रीरंगरावांना माझा नमस्कार सांग.

तुझा गुडघा आता कसा आहे? दुखतो उजवा, आणि डॉक्टरांनी एक्सरे दोन्ही गुडघ्यांचे काढायला लावले, हे मला अजिबात पटलेलं नाही. त्यांचा आणि त्या एक्सरेवाल्याचा काही घरोबा आहे का, ते श्रीरंगरावांना हळूच बघून यायला सांग. आम्ही इथे सुखरूप. प्रल्हादचं ऑफिस, प्रीताचं ऑफिस, आणि दोघांच्या मध्ये मी नि सई, असं आमचं चाललेलं असतं. ह्यूस्टनच्या बाहेरचं हे आमचं गाव एप्रिलमध्येच घामानं चिकट झालं आहे. हे पत्र मुद्दाम कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर लिहिलेलं कोण कोण वाचतं ते सांगता येत नाही. प्रल्हादच्या ऑफिसातली दीपा मिरजेला माहेरी चालली आहे, तिच्याबरोबर पाठवते. पाकिटाला चारही बाजूंनी टेप लावली आहे. ती कुठे सुटलेली दिसली तर कळव (दीपा चांगली आहे, पण प्रवास लांबचा आहे).

तर सांगायचं म्हणजे, मी इथे सरकारी समितीवर होते. हसू नकोस. आमच्या भागातल्या सगळ्या शाळांचं मिळून एक डिस्ट्रिक्ट आहे, आणि त्यांना प्राथमिक शाळांसाठी वाचनाचा नवा अभ्यासक्रम घ्यायचा होता. आपल्याकडे सरकार एक पुस्तक छापतं, सगळे मिळून त्याला नावं ठेवतात आणि वर्षभर तेच शिकवतात. इथे खाजगी कंपन्या पुस्तकांची खोकी घेऊन दाराशी उभ्या असतात आणि डिस्ट्रिक्टनं त्यातून एक उचलायचं. उचलणार कोण, तर शिक्षक, पालक आणि गावातला एखादा रिकामा माणूस यांची समिती. सईच्या दप्तरातून तशी चिठ्ठी आली. चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला असं लिहून मी अर्ज टाकला, आणि आठवड्यात निवडही झाली. इतक्या झटपट निवड झाली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण नातीच्या वाचनाचा प्रश्न होता. दुसरीतली पोर, या वयात जे हाती पडेल ते जन्मभर पुरतं, हे तुला मी वेगळं सांगायला नको. सईच्या प्रगतिपुस्तकात वाचन इयत्तेच्या पुढे असं लिहिलेलं, आणि ती वाचायचीही अशी घडाघडा की बाजूच्या खोलीतून ऐकावं. मला फक्त तिच्या पुढच्या वर्षाचा घोळ होऊ द्यायचा नव्हता.

समितीत आम्ही अकरा जण. वर अध्यक्ष म्हणून डिस्ट्रिक्टच्या मिस हॉलिस, म्हणजे पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेल्या, सगळ्यांना नावानं हाक मारणाऱ्या बाई. (मला त्या पहिल्याच दिवशी सुमित्रा म्हणाल्या. वर्गात मुलांनी सोड, मुख्याध्यापकांनीही मला कधी नुसतं सुमित्रा म्हटलं नव्हतं.) शेवटी दोन कंपन्या उरल्या. एकीची पुस्तकं निळी, एकीची पिवळी. निळ्यात गुळगुळीत चित्रं, हत्ती, फुगे, सगळ्या रंगांची मुलं. पिवळ्यात अक्षरं, अक्षरांचे आवाज, पुन्हा अक्षरं. तक्त्यावर साठ मुद्दे आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. प्रत्येक बैठकीचा कागद त्याच दिवशी वेबसाइटवर, बैठकीचं चित्रीकरणही तिथेच, कुणीही या आणि बघा. शैलजा, आपण दोघींनी नगरपालिकेच्या एकाच शाळेत नोकऱ्या केल्या आहेत. जिथे काही घडत नाही तिथेही कपाटाला कुलूप असतं. इथे सगळंच उघडं, म्हणजे लपवायची गोष्ट केवढी मोठी असेल याचा मी विचार करत बसले.

निळ्या कंपनीचा माणूस आला तो दात पांढरेशुभ्र करून आला. त्यानं प्रत्येकाला कापडी पिशवी दिली. आत पेन, वही आणि बिस्किटं. मी पिशवी टेबलाच्या मध्यावर सरकवली आणि स्पष्ट सांगितलं की मी घेणार नाही. त्यावर मिस हॉलिस शांतपणे म्हणाल्या की हो, नियमच आहे, कुणीच घ्यायची नाही. मग दहाही जणांनी पिशव्या परत केल्या, आणि एका सरांनी तोंडातलं बिस्किट तेवढं राहू दे का असं विचारलं. आता नियम होता तर बाईंनी तो पिशव्या वाटायच्या आधी का सांगितला नाही? हा मुद्दा मी वहीत लिहून ठेवला.

पुढे दोन्ही संच लोकांना बघायला म्हणून लायब्ररीत दोन आठवडे मांडले होते. कोण येतं आणि कशाला हात लावतं ते पाहायला मी जवळजवळ रोज दुपारी जाऊन बसले. तिथे सही करायची वही होती. शेवटच्या दिवशी ती उघडून पाहिली तर अकरा सह्या, अकराही माझ्या. एवढ्या मोठ्या गावात पुस्तकं बघायला दुसरं कुणी फिरकलं नाही, म्हणजे लोकांना निकाल आधीच ठाऊक होता, असं माझं मत झालं. त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की मिस हॉलिस निळ्या कंपनीची आठ खोकी स्वतःच्या गाडीच्या डिकीत भरत होत्या. मी प्रल्हादच्या गाडीत मान खाली करून बसले होते, मागच्या सीटवर सई. तो म्हणाला, "आई, यार, त्या बाई खोकी उचलतायत, जाऊन हेल्प करू का?" मी त्याला जागचा हलू दिला नाही.

अशा वेळी आपण काय करतो? निनावी अर्ज. पण इथे ती सोयच नाही गं. डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या बोर्डाच्या सभेत ज्याला तक्रार आहे त्यानं नाव नोंदवायचं, माइकपुढे उभं राहायचं आणि तीन मिनिटं बोलायचं, म्हणजे कारकुनानं साहेबांसमोर उभं राहून साहेबांनाच चोर म्हणावं तसं. समितीतल्या माणसानं बोर्डापुढे बोलू नये असा नियम आहे का, तेही मी शोधलं. नव्हता. मग मी आपल्या पद्धतीनं, पण इंग्रजीत, अर्ज लिहिला, विषय, संदर्भ आणि खाली महाशयांची विश्वासू. आठ खोकी, खाजगी वाहन, वेळ पाच वाजून चाळीस मिनिटं, आणि मिस हॉलिस यांचं निळ्या कंपनीशी साटंलोटं असल्याचा दाट संशय. वाचायला मात्र सईला उभं केलं. माझे उच्चार तिथल्या लोकांना पहिल्या झटक्यात कळत नाहीत, आणि (खरं सांगायचं तर) लहान पोरीवर कोण डोळे वटारणार, असाही माझा हिशेब होता. तिला कागद आयत्या वेळी दिला, घरी फुटायला नको म्हणून. प्रीता म्हणाली, "आई, तिला आधी एकदा प्रॅक्टिस करू द्या ना." मी म्हटलं, इयत्तेच्या पुढे आहे ना ती.

सई स्टुलावर उभी राहिली. कागद उलटा करून मागे पाहिलं, पुन्हा सुलटा केला, आणि घडाघडा वाचायला लागली. ती काय वाचते आहे ते मला कळेपर्यंत तिचं निम्मं झालं होतं. माझ्या आजीला मिस हॉलिस फार आवडतात. त्या खूप छान आहेत. त्या स्वतःच्या गाडीतून पुस्तकांची खोकी मुलांसाठी नेतात, कारण त्यांना वाचन आवडतं. थँक यू. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मिस हॉलिसनी केसांतला चष्मा काढून डोळे पुसले. एका बोर्ड मेंबरनं आमच्या दोघींचा फोटो काढला. मी हसले, कारण फोटो काढत होते.

घरी येऊन मी सईचं रोजचं गोष्टीचं पुस्तक काढलं आणि चित्रावर हात ठेवला. ती थांबली. हात काढला, ती वाचायला लागली. शिंगरू छापलेलं होतं तिथे घोडा म्हणाली, आणि तळं होतं तिथे पाणी. प्रीता बघत होती, प्रल्हाद बघत होता. "आजी, यू लुक ॲट द पिक्चर फर्स्ट," सईनं मलाच समजावलं, "अँड देन यू थिंक व्हॉट मेक्स सेन्स." शाळेनं तिला असंच शिकवलं होतं, दोन वर्षं, तिच्या जुन्या पुस्तकांतून. निळी पुस्तकं त्याच पुस्तकांची नवी आवृत्ती होती. शैलजा, मी डॉक्टरांवर संशय घेते, पिशव्यांवर घेते, बिस्किटांवर घेते. चौतीस वर्षं पहिलीला अक्षरं शिकवलेली मी, नातीच्या पुस्तकातल्या चित्रावर एकदा हात ठेवून पाहिला नाही. मला फार वाईट वाटलं. रात्रीचं जेवलेही नाही.

आता पंचाईत बघ. पोरीला वाचता येत नाही हे सिद्ध करायचं, तर माझा कागद आणि तिचं भाषण शेजारी शेजारी ठेवायला हवं. म्हणजे मी काय लिहिलं होतं ते ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनाच दाखवायला हवं. गप्प बसले असते तर मी गावात गोड आजी म्हणून राहिले असते (फोटो छापूनही आला होता). दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी साडी नेसून मिस हॉलिसच्या ऑफिसात गेले आणि कागद पुढे ठेवला.

त्यांनी एकदा वाचला. मग पुन्हा वाचला. खोकी परत कंपनीकडे पाठवायची होती आणि त्या आठवड्यात ड्रायव्हर रजेवर होता, एवढंच त्या म्हणाल्या. मी माफी मागितली, आणि माफी मागताना माझं इंग्रजी आणखीच बिघडलं. त्या मला म्हणाल्या की सुमित्रा, असे कागद मला दर महिन्याला येतात, पण ज्यानं लिहिला तोच घेऊन आला असं पहिल्यांदा झालं. मग हा कागद समितीला दाखवला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

शेवटच्या बैठकीत पडद्यावर सईचं भाषण लावलं आणि प्रत्येकाच्या हातात माझ्या अर्जाची प्रत दिली. दहा जण आधी कागदाकडे, मग पडद्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होते. पांढऱ्या दातांचा गृहस्थ कोपऱ्यात बसला होता, त्याचे दात त्या दिवशी दिसले नाहीत. मग मतदान झालं. पिवळी सात, निळी चार. माझा विश्वास बसेना म्हणून मी पुन्हा मोजायला लावलं, तरी सात आणि चारच. मिस हॉलिसचं मत कुठे गेलं असं मी शेजारच्या सरांना विचारलं. अध्यक्षांना मत नसतं, असं ते म्हणाले. ज्या बाईंच्या मागे मी दोन महिने लागले होते, त्यांच्या हातात काही नव्हतंच.

तर असं हे सगळं झालं. गुडघ्याला तेल लाव, पण त्या नव्या दुकानातलं नको. श्रीरंगरावांना आणि घरातल्या सगळ्यांना यथायोग्य.

तुझी,
अक्का

ता. क. माझा अर्ज नाव-गावासकट वेबसाइटवर आहे, आणि इथल्या पद्धतीप्रमाणे तो काढता येत नाही. श्रीरंगरावांना शोधाशोध करू देऊ नकोस.

ता. क. २. खरं लिहायचं ते हे. पिवळी पुस्तकं ऑगस्टमध्ये येणार, पण अक्षरांच्या आवाजाचे धडे त्यात दुसरीपर्यंतच आहेत, आणि सई तेव्हा तिसरीत असेल. जिच्यासाठी एवढं केलं, तिला त्याचा काही उपयोग नाही. घरी मी शिकवायला बसले तर ती माझे उच्चार दुरुस्त करत बसते, आणि ते बरोबरच असतं. तू पाचवीला इंग्रजी पहिल्यापासून सुरू करायचीस, अक्षराचं नाव बाजूला ठेवून आधी आवाज. तुझी मुलं तीन महिन्यांत न पाहिलेलं पानही वाचायची, ते मी व्हरांड्यातून ऐकलेलं आहे. रोज अर्धा तास फोनवर सईला घेशील का? तुझे सकाळचे सहा, आमचे संध्याकाळचे साडेसात. माझ्यापेक्षा तुला चांगलं शिकवता येतं. हे मी चाळीस वर्षांत म्हटलं नव्हतं.

ता. क. ३. तो इंग्रजीचा वर्ग तुला वशिल्यानं मिळाला असा निनावी अर्ज गेला होता, आठवतं? साहेब चौकशीला आले, तुला आठ दिवस ऑफिसबाहेर बसवलं, आणि निघालं काहीच नाही, कारण काही नव्हतंच. तू तो आपल्याच शाळेतल्या संध्याबाईंनी केला असं धरून त्यांच्याशी बोलणं सोडलंस, ते आजतागायत. तो अर्ज मी लिहिला होता. मिस हॉलिसच्या टेबलावर कागद ठेवताना माझ्या डोळ्यांसमोर त्या नव्हत्या, ऑफिसबाहेर बसलेली तू होतीस. संध्याबाईंचा नवा फोन नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. माझ्यावर रागव, बोलू नकोस, तो तुझा हक्क आहे. सई मात्र सोमवारी साडेसातला वही घेऊन बसलेली असेल, आणि मी त्या खोलीत नसेन.