त्या सकाळी न दिलेली चिठ्ठी

माझ्या मुला,

तू शाळेत होतास तेव्हापासून मी तुझ्या डब्यात बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी ठेवत आलो. पुढे लाँड्रीतला बॉयलर सांभाळू लागलास, तरी आधी चिठ्ठी वाचायचास, मग पोळीला हात लावायचास.

त्या सकाळी तू दारात थांबलास. "बाबा, बॉयलरला तडा गेलाय. मालक म्हणतात, ठीक आहे असं लिहून सही कर, नाहीतर घरी बस. काय करू?"

आत तुझी आई अंथरुणाला खिळलेली होती. मी म्हणालो, "कर सही. दिवस वाईट आहेत."

"आणि आजची चिठ्ठी?"

"चिठ्ठ्यांनी पोट भरत नाही."

आठवड्याभरात बॉयलर फुटला. इस्त्री करणाऱ्या दोघी गेल्या. एक आपल्याच चर्चच्या मंडळीतली. तिच्या शवपेटीपाशी पाळक म्हणून मीच खरेपणावर उपदेश केला. लोक रडले, माझा आवाज जराही कापला नाही.

काल तुरुंगाच्या जाळीपलीकडून तू म्हणालास, "तुमचं नाव मी घेतलेलं नाही, बाबा. मंडळीला पाळक हवा." मग हळूच विचारलंस, "चिठ्ठी आणलीत?"

मी उगाच खिसे चाचपत राहिलो.

खरं बोलायचं ते कठीण दिवसांतच, हे मी तीस वर्षं गर्जून सांगितलं. घरात विचारलंस तेव्हा गिळलं. हे पत्र मिळालं तर तू मला अडवशील, म्हणून पाठवत नाही. रविवारी व्यासपीठावरून त्या सकाळचं सगळं सांगेन, तिथून पोलीस ठाण्यात जाईन. त्या दोघी परत येणार नाहीत. तूही सुटणार नाहीस.

पुढच्या भेटीला मात्र चिठ्ठी आणेन.

तुझे बाबा