उमा येईपर्यंत

३ ऑक्टो. ८४, नोव्हाय, अमेरिका
बाळ आज बारा दिवसांचं. आज बारसं हवं होतं, पण नावच नाही. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे दि.च्या थोरल्या बहिणीचा, कमलताईंचा. त्या साताऱ्यात संस्कृत शिकवतात. जन्माआधी नाव ठरवायचं नाही हा त्यांचा नियम. म्हणून मुलगी झाल्यावर दि.ने पत्र टाकलं, आता उत्तराची वाट.
त्या दिवशी जन्मदाखल्याचा फॉर्म भरून घेणाऱ्या हॉस्पिटलातल्या बाईंना दि.ने शांतपणे सांगितलं, "नेम विल कम बाय पोस्ट." त्या आधी त्याच्याकडे, मग बाळाकडे बघत राहिल्या. फॉर्मवर पहिलं नाव कोरं, मधे आपल्या रीतीने बापाचं नाव, मग आडनाव. झालं, निघालो घरी.

९ ऑक्टो.
जन्मदाखला आला. नाव: दिलीप बापट. लिंग: स्त्री.
हसून हसून टाके दुखले. पहिली जागा रिकामी, तर मधलं नाव पुढे सरकलं, त्यांचं काय चुकलं? दि. मात्र हसला नाही. फोन केला. दुरुस्तीचा फॉर्म पाठवतायत, दोघांच्या सह्या लागतील.
बाळ रडलं की मी हाक मारते, "दिलीपराव, काय झालं?" दोघंही बघतात.

१६ ऑक्टो.
पत्र आलं! नाव 'उमा'.
ताईंनी शिकवावं तसं लिहिलंय. हिमालयाची लेक तप करायला निघाली, तेव्हा आई म्हणाली, "उ, मा." अगं, नको. तेच नाव पडलं. आईच्या तोंडून निघालेला शब्द मुलीचं नाव झाला. मला एकदम आवडलं. पुन्हा पुन्हा वाचलं.
दि. म्हणाला, "इथे शाळेत कुणी चिडवलं तर? आधी चेक करू या." हा गाड्यांचे ब्रेक टेस्ट करतो ना, आता पोरीचं नाव टेस्टिंगला घेतलंय.

१८ ऑक्टो.
ऑफिसात जपानहून पाहुणे आलेत. त्यांना विचारून आला. जपानीत उमा म्हणजे घोडा! चेहरा पडलेला.
"अगं, घोडा!"
"पाळण्यात लाथा मारते ते बघितलंस ना? बरोबरच आहे."
पाहुणे म्हणाले म्हणे, फार ताकदीचं नाव. ते याने शेवटी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर.

२० ऑक्टो.
शेजारची टेरेसा ब्राझीलची. ती केक घेऊन आली, हा लागलीच तिला विचारायला. पोर्तुगीजमध्ये उमा म्हणजे 'एक'. बाईमाणसाला लावायचा एक.
"एक काय?" दि.
"एक. पुढे काय हवं ते."
मला वाटलं याहून छान काय असणार. दि.ने वहीत लिहिलं: 'अपूर्ण'.

२१ ऑक्टो.
इथल्याच देशपांडे काकूंकडून संस्कृत कोश आणला. त्यात उमा म्हणजे अळशीसुद्धा, आणि हळदसुद्धा. दि. डोकं धरून बसला. काकू म्हणाल्या, "अरे, दोन्ही बाळंतिणीला चांगलं. खा म्हणावं तिला." संध्याकाळी अळशीची चटणी पाठवली. त्यांची लेक संध्या डबा घेऊन आली. "आय लाइक उमा," म्हणाली, "इट्स शॉर्ट." एवढं साधं त्याला कळू नये.

२३ ऑक्टो.
दि.ची नवी यादी: लीना, नीना, रीटा. ताईंना नंतर समजावू म्हणाला.
मी म्हटलं, "नको."
तोही चमकला, मीही. तिकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा हे तोंडातून निघालं नव्हतं. तेवीस वर्षं सुधा होते. उठले ती दीपाली होऊन. दिलीप-दीपाली, साड्यांच्या दुकानाच्या पाटीसारखं. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही हसले. राग होता, तो आज सापडला.

२८ ऑक्टो., रवि.
बारसं झालं एकदाचं. ताईंच्या जागी काकू आत्या. पाळण्यावर वाकल्या तेवढ्यात हा म्हणतो, "काकू, एक मिनिट, फिनिश राहिलंय. गुरुवारी फिनलंडचा एक जण येतोय."
काकूंनी ऐकलंच नाही. कानात "कुर्र्र" केलं, नाव सांगितलं, आणि बायकांनी काकूंच्या पाठीत असे धपाटे घातले की काकू म्हणाल्या, "अगं नको, नको!" मी हसत सुटले. साताऱ्याला पत्रात हे लिहायचंय.

३० ऑक्टो.
दुरुस्तीचा फॉर्म भरला. पहिलं नाव: उमा. पेन चालायला लागलं ते थांबेना.
खाली एक चौकोन: आईचं जन्माचं नाव. इथे लग्नानंतरचं चालत नाही, जन्माचंच हवं. सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. लिहिलं: सुधा गोखले. अक्षर मोठं आलं, चौकोनाबाहेर गेलं.
सही केली. त्याची राहिली आहे. त्याने फॉर्म घेतला, वाचत वाचत त्या चौकोनाशी आला आणि मोठ्याने म्हणाला, "सुधा."
फॉर्म वाचत होता की हाक मारत होता, कळलं नाही. मी "ओ" म्हटलं.
त्याने पेनचं टोपण काढलं, परत लावलं. मग म्हणाला, "गुरुवारपर्यंत थांबू या का?"
फॉर्म फ्रिजवर लावलाय. टपालात आज बाळाच्या साबणाचं सँपल आलंय, मिस दिलीप बापट यांच्या नावाने. उमा झोपली आहे.