खंडेनवमीचा कापूर

मुक्काम बेट, आखात
शुक्रवार, ८ ऑक्टोबर १९७६

ती. केशरआक्कास,

व्यंकटचा नमस्कार. दाजींच्या पायांवर डोकं ठेवलंय असं समज. मी ठणठणीत आहे. दाजींचा खोकला थांबला का? बेंबळीला आबांची ज्वारी पेरून झाली का? आणि ढोकीचा साखर कारखाना यंदा कधी पेटणार? इथं चारी बाजूंनी समुद्र आहे, पण मला मधूनच मळीचा वास येतो. पोरं हसतात.

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस, 'हवा बोटीत भरून परदेशात विकतात म्हणं, आमाला येडं समजतोस का?' तर ऐक. हा शेगडीत जळतो तसलाच गॅस, समुद्राच्या तळाखालून येतो. गुऱ्हाळावर रस आगीवर आटवतात ना, तसं इथं गॅस थंडीवर आटवतात. बर्फापेक्षा लई थंड करत नेला की त्याचं पाणी होतं आणि सहाशे पोत्यांचा माल एका पोत्यात मावतो. ते पाणी बोटीनं जपानला जाणार. पहिली बोट अजून यायची आहे. धक्का तयार आहे, नळ तयार आहेत, आणि त्या नळांचे एकशे बारा सांधे तुझ्या भावाच्या हातचे आहेत. माणसाच्या छातीचा काढतात तसा सांध्यांचा एक्स-रे काढतात इथं. माझा एकही परत आला नाही. गोरा साहेब 'गुड' म्हणाला. तो महिन्यातून एकदा म्हणतो.

हे पत्र तू शेजारी चंद्रप्रभाला वाचून दाखवशीलच. सांध्यांचं तेवढं दोनदा वाच, तिच्या वडलांना, तात्यारावांना, भिंतीपलीकडं ऐकू जाईल असं.

सध्या मोठी टाकी थंड करणं चाललंय. तासाला तीन-चार अंश, त्याहून जास्त नाही. घाई केली तर पोलादाला तडा जातो. मी तापमानाच्या काट्यासमोर बसतो आणि दर तासाला ओरडून आकडा सांगतो. दाजींनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, 'ह्या गड्याचं डोस्कंबी घाला त्या टाकीत.' त्यांना सांग, पडलाय फरक. दीड वर्षात मी कुणावर हात उचललेला नाही. एका पंजाब्याची कॉलर धरली होती, पण सोडली.

चंद्रप्रभानं विणलेला मफलर इथं सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होता. बाहेर माणूस भाजून निघतंय आणि हे येडं मफलर ठेवतंय उशाला. पण थंड नळांवर पांढरं बर्फ धरतं, तिथं काम करताना तोच गळ्याला असतो. आता दोघंतिघं विचारतात, अजून एक विणून मिळेल का. मी नाही म्हणून सांगितलं.

खंडेनवमी इथं कशी झाली ते लिहायचं राहिलं. लिहितो. आधी दुसरं.

महालिंगप्पाबद्दल तुला लिहिलं होतं. उमरग्याकडचा, पन्नाशीचा गडी, जड सामान दोरखंडानं चढवण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही. ह्या बेटावर नुसती वाळू होती तेव्हापासून तो इथं आहे. 'पयलं जहाज भरून गेल्यालं बघतो, मग घरी जातो. नागम्माला तसंच सांगून ठिवलंय,' हे रोजचं त्याचं. नागम्मा त्याची बायको. मी आजारी होतो तेव्हा त्यानंच भाताची पेज करून चमच्यानं पाजली.

महालिंगप्पाला घरी पाठवतायत, आक्का. येत्या गुरुवारी. जहाज न बघता.

आता खंडेनवमीचं. गेल्या शुक्रवारी होती. इथं शुक्रवारी सुट्टी असते, तरी आमच्या टोळीला बोलावलं होतं. दाजी कारखान्याच्या वर्कशॉपात पाने, हातोडे मांडून पूजा करायचे, मी झेंडूची फुलं आणायचो, ते डोळ्यापुढून हलेना. वर्षभर ज्या हत्यारांनी हात दिला त्यांना त्या दिवशी नुसतं पेटीत ठेवायचं? धक्क्याजवळच्या शेडमध्ये मी पाने मांडले, वेल्डिंगचा होल्डर मांडला, हळदकुंकू वाहिलं. निघताना तू पुडीत बांधून दिलेला कापूर होता. तो लावला.

आक्का, पंधरा दिवसांपूर्वीच नळांत गॅस सोडलाय. फाटकावर काड्यापेटी काढून घेतात, विडीसुद्धा आत नेऊ देत नाहीत. आम्हा सगळ्यांकडून तसं लिहून घेतलंय. मी काड्यापेटी जेवणाच्या डब्यातून नेली. मला धोका कळत नव्हता असं म्हणणार नाही, सायन्सची दोन वर्षं केलीत मी. माझ्या मनात कापूर म्हणजे विस्तव नव्हताच, कापूर म्हणजे पूजा. चार सेकंद जळला. महालिंगप्पानं टोपीनं विझवला आणि अशी शिवी दिली की मला घरी आल्यासारखं वाटलं.

पहारेकऱ्याला काळा डाग आणि कुंकू सापडलं. भोंगा झाला, सगळं बेट अर्धा दिवस थांबलं. साहेबानं आम्हा सगळ्या हिंदुस्थानी लोकांना रांगेत उभं केलं. 'कुणी?'

मी तोंड उघडणार एवढ्यात महालिंगप्पानं माझ्या पायावर पाय ठेवला आणि पुढं झाला. म्हणाला, मीच.

नंतर मी त्याच्याशी भांडलो. तो म्हणाला, 'येंकट, तू गप र. तुज्यासाठी ती पोरगी थांबलीया. माझी नागम्मा काय, सवय झालीया तिला. गुढीपाडव्यापर्यंत टिक आन् कागुद घिऊन जा.'

कागद म्हणजे काम पुरं केल्याचा दाखला. तात्यारावांची अट सगळ्या टोळीला पाठ आहे. कॉलेज सोडलं, तेही तिचं नाव हॉस्टेलच्या भिंतीवर लिहिणाऱ्याचा दात पाडून. कारखान्यातलं काम सोडलं, फोरमनकडं पाना भिरकावून. तेव्हा तात्याराव काट्यावर उसाची गाडी तोलता तोलता म्हणाले होते, 'एक काम तडीला नेऊन दाखव, मग माझ्या पोरीचं नाव काढ.' आणि निघताना चंद्रप्रभा नळावर घागर भरत म्हणाली, 'अर्ध्यातून येऊ नका.' तेवढंच.

मी गप बसलो, आक्का. आज सात दिवस झाले. ज्या तोंडापायी सगळं घालवलं ते तोंड नेमकं ह्या वेळी बंद राहिलं. महालिंगप्पा ट्रंक आवरतोय. माझ्याकडं बघून हसतो, ते बघवत नाही.

शनिवार, दुपार

सकाळी साहेबाकडं जाऊन आलो. सांगितलं. तो म्हणाला, रांगेत का नाही बोललास? म्हटलं, भ्यालो. इंग्रजीत तेवढं सोपं वाक्य मी पहिल्यांदाच बोललो असेन. त्यानं समोरच्या कागदावरचं महालिंगप्पाचं नाव खोडलं, माझं लिहिलं. मग म्हणाला, ज्यानं लावला तो जाईल. महालिंगप्पाची शिक्षा रद्द, त्याला नुसती ताकीद. मला दाखला नाही. गुरुवारचं विमान माझं.

महालिंगप्पाला जेवणाच्या सुट्टीत कळलं. मग आला आणि माझ्या पेटीची दोरी सोडून स्वतःच्या गाठीनं पुन्हा बांधून दिली. म्हणाला, 'येडं हायस. जहाज निघालं की कळवतो. तुजेच सांधे हायत, गळले तर तुलाच शिव्या घालीन.'

गळणार नाहीत. ते मला ठाऊक आहे.

हे पत्र टपालात टाकत नाही, बरोबर आणतोय. तोंडानं सांगायला लागलो की मी आवाज चढवतो, तुला माहीत आहे. तर आक्का, मी दारात दिसलो की आधी काही विचारू नकोस. हे घे आणि शेजारी जाऊन मोठ्यानं वाच, तात्याराव घरात असताना, चंद्रप्रभा घरात असताना. एकशे बारा सांधे वाच, आणि ते सात दिवसही वाच. काही गाळू नकोस.

तिसऱ्यांदा अर्ध्यातून आलोय. तात्यारावांना काय म्हणायचं ते म्हणू दे, मी उलट बोलणार नाही. पण ह्या खेपेला भांडून निघून आलो नाही, खरं सांगून आलो. एवढं तिला कळलं पाहिजे. मग तिनं ठरवावं.

तुझं वाचून होईपर्यंत नळाच्या कट्ट्यावर, मफलर घालून बसलेला,

तुझा भाऊ,
व्यंकट